नोंद झाली, नोटीस नाही

१९९८ च्या दिवाळीतली गोष्ट. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गोवंडीजवळच्या एका कारखान्यात दुपारच्या पाळीला बोनसच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आणि अर्ध्या तासात कॅशिअरच्या खिडकीसमोर गर्दी उसळली. ज्याला २,४९९ रुपये मिळायचे त्याच्या चिठ्ठीवर ३०० रुपये छापून आले होते. प्रत्येकाच्या नावाआधी एक आकडा चिकटला होता, आणि दहा-दहा कामगारांचा क्रमांक एकच झाला होता. त्या कारखान्याचा पगार ज्या प्रोग्रामांवर निघे ते आमच्या छोट्या फर्मने लिहिले होते. हा गोंधळ माझ्या हातून झाला होता.

झाले ते असे. कारखान्यात दुसरे युनिट सामील झाले, कामगार वाढले, म्हणून पाच अंकी कामगार-क्रमांक सहा अंकी करायचा ठरला. कोबोल भाषेत फाइलमधल्या नोंदीचा आराखडा, म्हणजे पहिली पाच अक्षरे क्रमांक, पुढची तीस नाव, त्यापुढे मूळ पगार, असा एका वेगळ्या तुकड्यात लिहून ठेवतात. त्याला कॉपीबुक म्हणतात. सगळे प्रोग्राम तोच तुकडा आपल्यात ओढून घेतात, पण घेतात तो कंपाइल होताना. एकदा कंपाइल झाल्यावर कॉपीबुकात काय बदलले याची प्रोग्रामला खबर नसते. मी कॉपीबुकात क्रमांक सहा अक्षरांचा केला. नोंदीच्या शेवटी थोडी मोकळी जागा राखलेली होती, तिच्यातले एक अक्षर कमी केले, म्हणजे एकूण लांबी होती तेवढीच राहिली. फाइल नव्या आराखड्यात उतरवून घेतली आणि दरमहा चालणारे सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल केले. ऑगस्टचा पगार बिनचूक निघाला, सप्टेंबरचाही निघाला.

बोनसचा प्रोग्राम वर्षातून एकदाच चालतो. तो माझ्या सहकाऱ्याने लिहिलेला होता, दुसऱ्या डिरेक्टरीत होता, आणि मागच्या दिवाळीपासून तसाच पडून होता. त्याने नवी फाइल जुन्या आराखड्याने वाचली. सगळे एक अक्षर सरकले. क्रमांकाचा शेवटचा अंक नावात गेला, पगाराचा शेवटचा अंक तुटला, ३,००० चे ३०० झाले. कायद्यातला किमान बोनस ८.३३ टक्के, तेव्हा तो महिना २,५०० रुपयांच्या मर्यादेपर्यंत मोजत, म्हणून खरी रक्कम २,४९९. प्रोग्रामने ३०० रुपये महिन्याच्या हिशेबाने वर्षाचे ३,६०० धरले आणि बोनस काढला ३०० रुपये. नोंदीची लांबी वाढली असती तर प्रोग्राम फाइल उघडतानाच अडला असता. माझ्या नीटनेटकेपणाने तोही मार्ग बंद केला होता.

बचावासाठी माझ्याकडे एक कागद होता. आमच्या युनिक्स यंत्रावर आरसीएस ही प्रणाली होती. कोणतीही फाइल बदलून परत ठेवताना ती विचारते, काय बदललेत ते लिहा. मी लिहिले होते: क्रमांक ५ वरून ६, शेवटची मोकळी जागा १ ने कमी. तारीख, वेळ, माझे नाव, सगळे तिथे होते. मी त्याचा छापील कागद घेऊन कारखान्यात गेलो. कॅशिअर साठीकडे झुकलेले, संगमेश्वरकडचे गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला आणि म्हणाले, "नोंद तुम्ही केलीत हो. नोटीस कुणाला बजावलीत?"

मी गप्प बसलो. चिठ्ठ्या दुरुस्त व्हायला रात्रीचा दीड वाजला. मधल्या चहाच्या वेळी त्यांनी मला त्यांच्या घरच्या जमिनीची हकिकत सांगितली. आजोबा वारल्यावर गावी राहणाऱ्या काकांनी वारस-नोंद करून घेतली, फेरफार मंजूर झाला, मुंबईला गिरणीत असलेल्या वडिलांचे नाव राहून गेले. फेरफार वहीत होता. कोणीही चावडीवर जाऊन पाहू शकत होते. वडिलांना ते कळले अकरा वर्षांनी, तेव्हा निस्तरायला उरलेले आयुष्य पुरले नाही. "वहीत होतं," एवढेच ते दोनदा म्हणाले.

पुढची पंचवीस वर्षे पोटापाण्याची कामे करता करता मी हा धागा धरून वाचत राहिलो. अनेक माणसे एकाच मजकुरावर काम करतात तेव्हा एकाने केलेला बदल दुसऱ्याचे काम मोडू शकतो. ज्याचे मोडणार त्याला आधी कसे कळवायचे? प्रोग्रामर मंडळी समजतात की हा प्रश्न त्यांच्या धंद्यात जन्मला. मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याला तो निदान १९०३ पासून पडलेला आहे, आणि त्या खात्याने काढलेले उत्तर, कागदावरचे तरी, आपल्या उत्तरापेक्षा बरेच दिवस पुढे होते.

एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीने शेत कोणते, आकार किती आणि सारा कोण भरणार एवढे लिहून ठेवले. सरकारला तेवढे पुरे होते. पण जमीन विकली जाते, गहाण पडते, वाटली जाते. कागद जिथल्या तिथे राहतो आणि खरी स्थिती पुढे जाते. म्हणून १९०३ चा मुंबईचा चौथा कायदा आला आणि हक्कनोंदणी सुरू झाली. १९१३ साली ती तरतूद १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात घातली गेली, आणि तिथून १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आली. आज ती कलम १४८ पासून पुढे वाचायला मिळते.

रचना पाहण्यासारखी आहे. सातबारा म्हणजे आजची स्थिती. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही: बदल ओळीने, क्रमांकाने, कारणासह. सातबाऱ्यावर नावापाशी वर्तुळात जो आकडा असतो तो ज्या फेरफाराने ते नाव आले त्याचा क्रमांक. गेलेले नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. ज्याने प्रोग्रामरांची आवृत्ती-व्यवस्था वापरली आहे त्याला हे वाचताना ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटेल. प्रत्येक ओळ कोणत्या बदलाने आली हे सांगणारी आज्ञा त्या व्यवस्थेत आहे, जुने काही पुसले जात नाही, आणि बदलाला क्रमांक असतो.

मात्र माझे लक्ष वेधले ते कलम १५० च्या दुसऱ्या पोटकलमाने. तलाठ्याने फेरफार वहीत नोंद केली की त्याच वेळी त्याने तिची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची. शिवाय हक्कनोंदीवरून किंवा फेरफार वहीवरून ज्यांचा त्या बदलाशी संबंध दिसतो त्या सर्वांना, आणि ज्यांचा संबंध असावा असे त्याला वाटण्यास कारण आहे अशा इतरांनाही, लेखी कळवायचे. कोणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत लिहायची आणि हरकत घेणाऱ्याला पोच द्यायची. हरकतीसाठी पंधरा दिवस. त्यानंतर वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करणार. प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर ती पेन्सिलने, मंजूर झाल्यावर शाईने, अशी जुनी रीत होती.

म्हणजे चार वेगळ्या गोष्टी: बदल लिहिणे, सर्वांसाठी जाहीर लावणे, संबंधितांना नावानिशी कळवणे, आणि त्यांना बोलायला वेळ देऊन मगच पक्के करणे. पहिली गोष्ट केली की उरलेल्या तीन आपोआप होतात, असे हा कायदा धरून चालत नाही. व्यवहारात काय होते ते संगमेश्वरच्या वहीने दाखवलेच. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, मुंबईचा भाऊ मुंबईत असतो, चावडीवरचा कागद पावसात भिजतो. आता ई-फेरफार आला आहे, दस्त नोंदला की नोटीस संगणकच काढतो, आणि 'आपली चावडी' नावाच्या संकेतस्थळावर गावनिहाय नोटिसा दिसतात. मी राहतो ते देवनार कागदोपत्री अजून कुर्ला तालुक्यातले मौजे देवनार आहे. इथे नगर भूमापन झाल्यामुळे शेताच्या सातबाऱ्याची जागा मिळकत पत्रिकेने घेतली. फेरफार हा शब्द मात्र टिकला.

आता संगणकाकडे. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ च्या सुमारास एससीसीएस ही प्रणाली केली आणि १९७५ साली तिच्यावर निबंध लिहिला. मूळ मजकूर आणि त्यावरचे एकेक फेरफार असे तिचे रूप. कोणी, केव्हा, का बदलले हे लिहून घेण्याचा आग्रह तिथे पहिल्यापासून होता. पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांनी १९८२ साली आरसीएस मांडली, तीच जी माझ्या यंत्रावर होती. तिच्यात सर्वांत ताजी प्रत अखंड ठेवतात आणि मागच्या आवृत्त्या उलट्या फरकांनी काढतात. सातबारा हाताशी आणि जुने पाहायचे तर फेरफार उलगडत मागे जायचे, तसेच.

या दोन्ही प्रणालींत मुद्दाम ठेवलेली नोटीस नव्हती, पण एक अपघाती नोटीस होती. ती म्हणजे कुलूप. एका फाइलवर एका वेळी एकालाच काम करता येई. दुसरा बदल करायला गेला की यंत्र सांगे, अमक्याने कुलूप लावले आहे. मग तो उठून अमक्याच्या टेबलापाशी जाई, "किती वेळ?" विचारी, आणि त्या बोलण्यात सगळे निघे. कुलपाची गैरसोय सगळ्यांनी लिहून ठेवली आहे, कुलपामुळे होणाऱ्या या गप्पांचा हिशेब कोणी मांडलेला मला दिसला नाही. माझ्या बोनसच्या प्रोग्रामला अर्थात त्यानेही तारले नसते. त्याच्या कर्त्याला कॉपीबुक बदलायचे नव्हतेच, त्याचा नुसता त्याच्यावर भरवसा होता. कुलूप लेखकाला अडवते. ज्याचे काम त्या लिखाणावर उभे आहे त्याला ते दिसतही नाही.

१९८४-८५ साली ॲमस्टरडॅममध्ये डिक ग्रून हे प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या, त्यामुळे कुलूप म्हणजे खोळंबा. म्हणून त्यांनी आरसीएसवर काही छोटे प्रोग्राम रचले आणि तिघांनाही एकाच वेळी बदल करता येतील अशी सोय केली. तीच सीव्हीएस, पुढे १९८९ साली ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्याने लिहिली. कुलूप गेले आणि त्याच्याबरोबर टेबलापाशी जाणेही गेले. ती पोकळी सीव्हीएस करणाऱ्यांना जाणवली असावी, कारण त्यांनी पहारा ठेवण्याची आज्ञा दिली: या फाइलला कोणी हात लावला तर मला कळवा. याशिवाय प्रत्येक बदलाबरोबर सगळ्या गटाला पत्र धाडण्याचीही सोय होती. चावडीवर कागद लावणे आणि नावानिशी कळवणे, दोन्ही आले. फरक एवढाच की पहारा ज्याला हवा त्याने आपण होऊन मागायचा होता. बोनसचा प्रोग्राम लिहिणारा कॉपीबुकावर पहारा मागायला विसरला तर तो त्याचा दोष. महसूल संहितेत हे ओझे बदल नोंदवणाऱ्यावर आहे, आणि मला तेच बरोबर वाटते.

पत्रांचे काय झाले ते सांगायला नको. गट मोठा झाला की दिवसाला शंभर पत्रे येतात. अवतरणचिन्ह बदलल्याचे पत्र आणि पगाराचा आराखडा बदलल्याचे पत्र सारखेच दिसते. आठवड्याभरात माणूस ती पत्रे वेगळ्या कप्प्यात वळवतो आणि तो कप्पा उघडत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर होता. अंधेरीचे सीप्झ १९७३ साली सुरू झाले, आणि मुंबईचे सॉफ्टवेअर बऱ्याच अंशी परदेशी गिऱ्हाइकाचे काम करत वाढले. सहकारी अमेरिकेत झोपलेला असतो तेव्हा आपण बदल करतो. तो उठतो तेव्हा आपण लोकल पकडलेली असते. टेबलापाशी जाण्याचा प्रश्नच नाही, सगळी भिस्त लिहिलेल्यावर. त्याच कंपन्यांना १९९५ नंतर वर्ष-२००० चे प्रचंड काम मिळाले. ते काम म्हणजे माझ्या कामगार-क्रमांकाचीच कितीतरी मोठी आवृत्ती: दोन अंकी वर्ष चार अंकी करायचे. रुंदी वाढवली तर ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम, स्वतःचा आणि परक्याचा, एकाच दिवशी बदलायला हवा. म्हणून पुष्कळ ठिकाणी दुसरी वाट धरली गेली. वर्ष दोन अंकीच ठेवायचे आणि प्रोग्रामने ठरवायचे की, समजा, ५० च्या खालचा आकडा २००० नंतरचा आणि वरचा १९०० नंतरचा. याला खिडकी लावणे म्हणत. तांत्रिकदृष्ट्या ही तडजोड आहे, प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलणारी. तरीही ती निवडली गेली याचे एक कारण पैसा आणि वेळ. दुसरे, मला अधिक महत्त्वाचे वाटणारे, हे की ती फाइल कोण कोण वाचतो याची पूर्ण यादी बहुतेकांकडे नव्हती. नोटीस कुणाला काढायची हेच ठाऊक नसेल तर मोडणारा बदल न करणे हाच शहाणपणा.

लिनक्सच्या जगातही हाच विचार दिसतो, पण दोन तोंडांनी. लिनक्सच्या गाभ्यावर बाहेरचे जे प्रोग्राम चालतात ते मोडायचे नाहीत, हा लिनस टॉरव्हाल्ड्स यांचा नियम. तो मोडणाऱ्यांवर ते जाहीरपणे तुटून पडलेले आहेत. बाहेरचे किती आणि कोण, हे कधीच कळणार नाही, म्हणून तिथे बंदी. गाभ्याच्या आत मात्र उलट. तिथे कोणताही अंतर्गत जोड केव्हाही बदलता येतो, पण जो बदलेल त्याने गाभ्यातल्या ज्या ज्या तुकड्यांत तो वापरला आहे ते सगळे स्वतः दुरुस्त करून द्यायचे. नोटीस देण्यापेक्षा समोरच्याचे शेत नांगरून देणे. मी बोनसचा प्रोग्राम शोधून स्वतःच कंपाइल केला असता तर त्यालाही कोणी हरकत घेतली नसती. अट एवढीच की सगळी झाडे एका बांधाच्या आत असायला हवीत.

टॉरव्हाल्ड्स यांनीच एप्रिल २००५ मध्ये गिट सुरू केली. लिनक्सचे काम ज्या बिटकीपर प्रणालीवर चाले तिचा फुकट परवाना काढून घेतला गेला, म्हणून. गिटमध्ये प्रत्येकाकडे सगळा इतिहास असतो आणि प्रत्येक बदलाला मजकुरावरूनच निघणारा लांबलचक क्रमांक असतो. बदलाची टीप कशी लिहावी याचे शिष्टाचार इथे पक्के झाले: पन्नासेक अक्षरांचा मथळा, एक ओळ मोकळी, मग कारण. त्यावर आणखी एक संकेत रूढ झाला. बदल इतरांचे काम मोडणारा असेल तर टिपेच्या शेवटी 'ब्रेकिंग चेंज' असे मोठ्या अक्षरांत लिहायचे, किंवा मथळ्यातच उद्गारचिन्ह घालायचे. हे चिन्ह माणसासाठी आहेच, पण यंत्रही ते वाचते आणि आवृत्तीचा पहिला आकडा वाढवते. आकड्यांची ही रीत टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी नियमबद्ध केली: पहिला आकडा वाढला म्हणजे जुने काम मोडेल, मधला वाढला म्हणजे भर पडली, शेवटचा म्हणजे दुरुस्ती. शंभर पत्रांतले एक वेगळे दिसण्याची सोय झाली. ते चिन्ह घालायचे की नाही हे मात्र बदल करणाराच ठरवतो, आणि आपला बदल कोणाचे मोडेल हे त्यालाच सर्वांत कमी ठाऊक असते. १९९८ साली हा संकेत असता तर मी उद्गारचिन्ह घातले असते का? नसते. माझ्या मते मी काहीच मोडले नव्हते.

कलम १५० च्या सर्वांत जवळ संगणकाची दुनिया आली ती गिटहबवर. बदल आधी प्रस्ताव म्हणून मांडायचा, म्हणजे पेन्सिलने. इतरांनी हरकती घ्यायच्या, मग मंजूर करून मुख्य प्रतीत घ्यायचा. २०१७ साली तिथे आणखी एक सोय आली: कोणती फाइल कोणाच्या अखत्यारीत आहे हे एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे, म्हणजे तिला हात लागला की त्या माणसाला आपोआप बोलावणे जाते. 'हक्कनोंदीवरून ज्यांचा संबंध दिसतो ते सर्व.' शंभरहून अधिक वर्षांनी तेच कलम पुन्हा लिहिले गेले, लिहिणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नसताना. त्यातही जुनीच उणीव राहिली आहे. त्या यादीत फाइलचे मालक असतात. तिच्यावर अवलंबून असणारे त्यात कोणी घातले तरच असतात.

हे सगळे फक्त प्रोग्रामरांपुरते आहे असे वाटू नये म्हणून घराजवळचे उदाहरण. देवनारमध्ये, गोवंडी स्टेशन रोडवर, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली सुरू झालेली ही संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. त्या सर्वेक्षणाची आकडेवारी जगभरचे संशोधक आपापल्या प्रोग्रामांनी वाचतात. पहिल्या दोन फेऱ्यांत विवाहित किंवा कधी काळी विवाह झालेल्या स्त्रियांनाच प्रश्न विचारले होते. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत अविवाहित स्त्रियाही आल्या. जुना प्रोग्राम नव्या फाइलवर चालवला तर तो अडत नाही, तक्ता काढून देतो, फक्त भाजक बदललेला असतो. बोनसच्या चिठ्ठीसारखेच.

मुलांच्या कुपोषणाचे तर याहून बोलके आहे. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या वाढीची नवी मानके आणली. तिसऱ्या फेरीचे सुरुवातीचे तक्ते जुन्या मानकांवर होते, तीन वर्षांखालच्या मुलांचे: कमी वजनाची ४६ टक्के, खुरटलेली ३८ टक्के. अंतिम अहवाल नव्या मानकांवर, पाच वर्षांखालच्या मुलांचा: कमी वजनाची ४३, खुरटलेली ४८. सर्वेक्षण तेच, वजनकाटा तोच, उंचीची पट्टी तीच. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर वजनात देश सुधारला आणि उंचीत कोसळला असे वाटावे. अहवालाने बदल लपवला नव्हता. मानके बदलल्याचे लिहिले होते, तुलनेसाठी आधीच्या फेरीचे आकडेही नव्या मानकांनी पुन्हा काढून दिले होते. नोंद चोख होती. पण जुने आकडे तोवर लेखांत आणि भाषणांत जाऊन बसले होते, आणि ४६ टक्के व ४३ टक्के यांना वेगवेगळ्या वर्षांचे समजून केलेले युक्तिवाद मी स्वतः वाचले आहेत.

या सगळ्या शोधात मला मनापासून आवडलेली युक्ती सापडली ती मराठीच्या दारात. मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण पुण्या-मुंबईच्या मंडळींनी २००० नंतरच्या दशकात नेटाने केले. जुहूच्या एनसीएसटीत लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्याचे काम झाले, पुण्याच्या रेड हॅटमध्ये पुढे अनुवादाचे. अनुवादकाकडे एक फाइल येते: वर इंग्रजी संदेश, खाली मराठी. आता समजा मूळ प्रोग्राममध्ये 'फाइल काढायची?' अशा अर्थाचा संदेश होता, तो बदलून 'फाइल कायमची काढायची?' असा झाला. जुना मराठी अनुवाद तसाच राहिला तर वापरणारा समजेल की कचरापेटीतून परत आणता येईल, आणि त्याचे वर्षाचे काम जाईल. गेटटेक्स्ट ही व्यवस्था अशा वेळी जुना अनुवाद फेकत नाही. त्याच्यावर 'फझी' अशी खूण करते, म्हणजे अंधुक, संशयित. आणि खूण असलेला अनुवाद ती वापरत नाही. अनुवादकाने पाहून खूण काढेपर्यंत पडद्यावर इंग्रजी संदेशच येतो. मराठी पडद्यावर मध्येच इंग्रजी ओळ दिसली की लोक अनुवादकाच्या आळसाला हसतात. मी आता हसत नाही. चुकीचे मराठी दाखवण्यापेक्षा थांबलेले बरे, असे ती ओळ सांगत असते. फायरफॉक्सच्या गटाचा नियमही याच जातीचा: संदेशाचा अर्थ बदललात तर त्याचे अंतर्गत नावही बदला, म्हणजे जुना अनुवाद त्याला चिकटणारच नाही. आणि जीनोमच्या गटात आवृत्ती बाहेर पडण्याआधी एक तारीख ठरते, तिच्यानंतर अनुवादकांच्या गटाला विचारल्याशिवाय संदेशाला हात लावायचा नाही.

यांत कोणी कोणाचे पत्र वाचण्यावर भिस्त नाही. ज्याच्यावर परिणाम होणार त्याचे काम जागच्या जागी थांबते, मोठ्याने, आणि थांबण्याची जागाच त्याला सांगते की कुठे पाहायचे.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण त्या दिवाळीनंतर, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी कारखान्यात जाऊन एक गोष्ट केली. पगाराच्या मुख्य फाइलचे नावच बदलले, आणि जे प्रोग्राम नव्या आराखड्याने कंपाइल झाले होते तेवढ्यांतच नवे नाव घातले. सहकाऱ्याला तोंडी सांगितले, कॅशिअरना सांगितले, भिंतीवर कागदही लावला. १९९९ च्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. प्रॉव्हिडंट फंडाची वार्षिक विवरणे महिनाअखेरच्या आत द्यायची होती, आणि ती काढणारा प्रोग्राम, जो आम्ही दोघेही साफ विसरलो होतो, सुरू होताच बंद पडत होता.

"फाइल सापडत नाही म्हणतोय," ते वैतागून म्हणाले.

मी म्हटले, "हात लावू नका. येतो."